दत्तोपंतांच्या साडेतीन तासांच्या बैठका

रामलिंगखिंड गल्लीत माणसं उभी राहून मोठी झाली, धावून मोठी झाली, एक-दोघं दुसऱ्याला पाडून मोठी झाली. पण नुसता बसून मोठा झालेला माणूस एकच, दत्तोपंत हलशीकर.

घराणं मूळचं खानापूरकडच्या हलशीचं. वडिलांनी मॅट्रिकसाठी मुलाला बेळगावात ठेवलं. त्या काळी मॅट्रिकची परीक्षा विद्यापीठच घेई. विद्यापीठानं दत्तोपंतांना एकदा परत पाठवलं. ते पुन्हा गेले, विद्यापीठानं पुन्हा परत पाठवलं. तिसऱ्यांदा जायला लागतो तेवढा निगरगट्टपणा तेव्हा त्यांच्या अंगी नव्हता. तो पुढं यथावकाश आला. मग एका वकिलाकडे ते कारकून म्हणून चिकटले, ते असे की वकील वारले, त्यांचा मुलगा काळा कोट घालायला लागला, तरी दत्तोपंत त्याच खिडकीखाली त्याच चटईवर होते. घरापासून कचेरी चालत दहा मिनिटं. पंत टांग्यानं जात. टांगेवाला मष्णू म्हणे, "पंत चढले की घोडं मागं वळून बघतंय."

पण त्यांचं खरं राज्य घरच्या सोप्यात. तिथं गादी, दोन लोड, पानाचा डबा आणि निपाणीहून व्याह्यांनी धाडलेली तंबाखू. सकाळी साडेसातला बैठक बसे ती नऊला मोडे, संध्याकाळी सहाला पुन्हा बसे ती आठला. कुठला मुन्सफ कच्चा, कुणाची मुलगी काळी, गांधींचं कुठं चुकलं, हे सगळं तिथं ठरे. ज्यांचं स्वतःच्या घरात कुणी ऐकत नसे अशी सात-आठ माणसं रोज नेमानं येत आणि दत्तोपंतांचं ऐकत. विनोदिनीबाई आतून चहा आणीत, मग पोहे, मग सणवार असेल तर वाटीभर कुंदा, मग पुन्हा चहा. सोप्यापासून चूल अठरा पावलं. बाई लग्न होऊन आल्या तेव्हा अंगानं भरलेल्या होत्या म्हणतात. बत्तीस वर्षं ती अठरा पावलं टाकून त्या काडीसारख्या झाल्या होत्या आणि पंत त्यांच्या वाटचं सगळं अंगावर बाळगून होते.

छत्तीस सालच्या थंडीत विद्यापीठाकडून डॉक्टर रघुवीर ताम्हणकर बेळगावात उतरले. सोबत बाटल्यांची लाकडी पेटी आणि छापील कागदांचे गठ्ठे. विषय जाडजूड होता: व्यायाम, आहार आणि मधुमेह यांचा संबंध. शहरातली शंभर माणसं घ्यायची, आसपासच्या खेड्यांतली शंभर घ्यायची; काय खाता, व्यायाम किती करता ते विचारायचं, लघवी तपासायची आणि निष्कर्ष काढायचा. डॉक्टर वाढलेले रंगूनला, शिकलेले विलायतेत. मराठी त्यांना येई, पण ती शब्दकोशातून आलेली. पाटावर बसून जेवलेली नव्हे. छापील कागदाचं मराठी त्यांनी स्वतःच केलं होतं, कारण मराठीत एवढं अवघड ते काय असणार, असं त्यांचं मत होतं. त्या कागदावरचा सहावा प्रश्न असा: 'दैनिक बैठका. संख्या व काळ.'

आता बेळगावच्या तालमींत मांड्या कमवायला जे मारतात त्याला सपाट्या म्हणतात. जोर आणि सपाट्या. बैठक म्हणजे गादी, तक्का आणि चहा. गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. विद्यापीठाला ठाऊक नव्हतं.

विद्यापीठाचा माणूस आलाय हे कळल्यावर दत्तोपंतांनी कोट चढवला, रुमाल बांधला आणि तपासणी चालली होती त्या शाळेत टांग्यानं गेले. तब्येतीची काळजी म्हणून नव्हे. रात्रीतून चारदा उठावं लागे, घागरभर पाणी पिऊन घसा कोरडाच राही, त्याला ते उष्णता म्हणत आणि सब्जा पीत. ते गेले ते दुसऱ्याच कारणानं. ज्या विद्यापीठानं दोनदा त्यांचं नाव यादीतून गाळलं होतं, ते आता स्वतः पेटी घेऊन त्यांचं नाव लिहायला आलं होतं.

"नाव?" डॉक्टरांनी विचारलं.

"दत्तात्रेय रामचंद्र हलशीकर." त्यांनी ते सावकाश, शाई वाळेल अशा बेतानं सांगितलं.

"दैनिक बैठका आहेत काय?"

"आहेत तर. दोन."

"फक्त दोन?"

"सकाळी एक, संध्याकाळी एक. सकाळची दीड तास. संध्याकाळची दोन."

डॉक्टरांची लेखणी थांबली. "साडेतीन तास? मध्ये विश्रांती?"

"चहापुरती."

"किती वर्षं?"

"वीस-बावीस झाली. खंड नाही. वडील गेले तेव्हासुद्धा चौदाव्या दिवशी पुन्हा सुरू केली."

"थकवा येत नाही?"

"आता सवय झाली. नवख्याला जमायचं नाही. त्याची कंबर धरते."

डॉक्टरांनी टेप काढून मांडी मोजली. सव्वीस इंच. बोटानं दाबून पाहिली असती तर बोट आत गेलं असतं, पण दाबण्याचा रकाना कागदावर नव्हता. मग आहार. साखर किती?

"शिवत नाही," पंत म्हणाले. "स्वदेशीच्या दिवसांत सोडली ती सोडली."

हे अक्षरशः खरं होतं. ते गूळ खात. सकाळी पोळीवर, दुपारी ताकाबरोबर, संध्याकाळी असाच. गुळाचा रकानाही नव्हता.

मग पंतांच्या बाटलीतली लघवी निळ्या औषधात मिसळून दिव्यावर धरली. साखर नसली तर रंग निळाच राहतो. पंतांचा हिरवा झाला, पिवळा झाला आणि विटेसारखा लाल होऊन थांबला. डॉक्टरांनी तो एखाद्या सूर्योदयाकडे बघावं तसा बघितला.

पंतांच्या मागं रांगेत परशराम उभा होता, बेळगुंदीचा. पहाटे डोक्यावर तांदळाचं पोतं घेऊन चालत आलता, पंतांकडे तांदूळ टाकून परत चालत निघालता, त्याला शाळेच्या शिपायानं खेड्याचे शंभर भरायला म्हणून दाराशी धरला.

"दैनिक बैठका?"

"न्हाईत साहेब."

"एकही नाही?"

"बसाय येळ कुठला गावतोय? नांगरट हाय, म्हशी हाईत. बायकू बसू दील व्हय?"

डॉक्टरांनी शून्य लिहिलं. मांडी सतरा इंच. बाटली निळी ती निळीच.

अशी दोनशे माणसं झाली. शहरातल्या प्रत्येक वकिलानं, मास्तरानं, पेन्शनरानं अभिमानानं आपापल्या बैठकीचे तास सांगितले. खेड्यातल्या प्रत्येकानं हात झटकले. डॉक्टरांनी बेरजा केल्या आणि त्यांना घाम फुटला. जगातल्या सगळ्या विद्वानांना जे सुचलं नव्हतं ते त्यांना बेळगावात सापडलं होतं: मधुमेह व्यायामानं होतो.

निघण्याआधी वाचनालयाच्या दिवाणखान्यात त्यांचं व्याख्यान झालं. अति व्यायामानं स्नायू थकतात, थकलेल्या स्नायूंना पाहून यकृत घाबरतं आणि रक्तात साखर सोडतं, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. मग म्हणाले, "आणि याचं सर्वोत्तम उदाहरण याच सभेत आहे. वय त्रेपन्न. बावीस वर्षं, दररोज, साडेतीन तास बैठका मारणारे मिस्टर दत्तात्रेय हलशीकर."

बैठका मारणारे. त्यातला 'मारणारे' हा शब्द पंतांच्या कानात जाऊन बसला. पहिल्यांदा त्यांना कळलं की आपण काय सांगितलं आणि ह्यानं काय लिहिलं. उभं राहून एवढंच म्हणायचं होतं, 'डॉक्टर, ती बैठक ही नव्हे.' पाच शब्द. हसं झालं असतं, पण दोन दिवसांत विसरलं गेलं असतं.

ते उभे राहिले. तेवढ्यात मागच्या खुर्च्यांवरून तालमीचा भरमू वस्तादही उभा राहिला आणि त्यानं छातीला हात लावून पंतांना नमस्कार केला. सगळा दिवाणखाना वळून बघू लागला. टाळ्या पडल्या. डॉक्टर म्हणाले, "सहा आठवड्यांनी दुसरी तपासणी. जे अखेरपर्यंत सहकार्य करतील त्यांना विद्यापीठाच्या मोहरेचं प्रमाणपत्र मिळेल."

दत्तोपंतांनी वाकून नमस्कार केला आणि खाली बसले. बसण्यात त्यांचा हात कोण धरणार.

गल्लीला सगळं ठाऊक होतं. पण गल्ली गप्प राहिली. एवढी करमणूक घरबसल्या मिळत असताना ती मोडायला गल्ली काही खुळी नव्हती. एकट्या भरमू वस्तादानं मनापासून विश्वास ठेवला. "विद्यापीठ खोटं कशाला बोलंल?" तो म्हणे. "दार लावून मारत असतील. आमच्यागत मिरवणारी जात न्हाय त्यांची."

आणि डॉक्टरांनी पंतांना लेखी उपचार देऊन ठेवला होता. संपूर्ण विश्रांती. पायांना श्रम नकोत. झिजलेल्या शरीरासाठी दूध, भात, तूप, खीर. माणसाच्या पापाला विद्यापीठाची सही मिळाली की काय होतं ते त्या महिन्यात दिसलं. पंत तो कागद गादीवर जवळ ठेवीत. विनोदिनीबाईंनी ताटात ज्वारीची भाकरी वाढली की ते कागदावर बोट ठेवून म्हणत, "भात."

"डोळ्याखाली काळं आलंय तुमच्या," बाई म्हणाल्या. "परवा विटेसारखं लाल झालं म्हणून तुम्हीच सांगत होतात."

"ते श्रमानं."

"कसल्या?"

"बावीस वर्षांच्या."

"अहो, बावीस वर्षं उठ-बस मी करतेय," बाई म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या.

संक्रांतीला तालमीनं पंतांचा सत्कार ठेवला. त्यासाठी त्यांनी नवी करकर वाजणारी चप्पल घेतली. पोरांनी हार घातला, फेटा बांधला; एकानं भीतभीत मांडीला हात लावून पाहिला आणि तो हात कुठं ठेवावा हे त्याला बराच वेळ कळलं नाही. वस्ताद म्हणाला, "पंत, दोन शब्द." पंतांनी तासभर ब्रह्मचर्यावर सांगितलं. घरी आले तेव्हा उजव्या पायाच्या अंगठ्याला चप्पल चावली होती. फोड फुटला, पण भरेना. आठवड्यात तो ओला झाला, पंधरवड्यात निळा. विनोदिनीबाई रोज हळद-तेल लावीत आणि रोज एकच बोलत.

"डॉक्टरांना पत्र घाला. खरं काय ते कळवा. ह्या औषधानं तुमचा पाय कुजायला लागलाय."

"तपासणीला पंधराच दिवस राहिलेत."

"मग?"

"मग काय, प्रमाणपत्र मिळाल्यावर सांगू."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. या माणसाच्या आयुष्यात एकदा तरी विद्यापीठाचा शिक्का असलेल्या कागदावर त्याचं नाव यायचं होतं, आणि त्यासाठी तो पायाचा अंगठा द्यायला निघाला होता. खरं बोलावं तर कागद जातो, गप्प बसावं तर पाय. पंतांना हे चांगलं कळत होतं. ते मोजा घालून बसत, म्हणजे दिसायला नको. वास लपवायला उदबत्त्या वाढवल्या. बैठकीतली मंडळी म्हणू लागली, पंत अलीकडे फार धार्मिक झालेत.

फेब्रुवारीच्या मध्याला डॉक्टर आले. शाळेत न बोलावता एका संध्याकाळी साडेसहाला ते स्वतःच गल्लीत आले. हातात कॅमेरा आणि बगलेत प्रमाणपत्राची गुंडाळी. अहवालात घालायला व्यायाम करताना पंतांचा फोटो हवा होता. सोप्यात आठ माणसं मांडी घालून बसली होती. मध्ये कुंद्याचं ताट. पंत लोडाला टेकून नव्या कलेक्टराची अक्कल काढत होते.

डॉक्टर उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, "क्षमस्व. पाहुणे आहेत. मी थांबतो. आपल्या बैठका केव्हा सुरू होतील?"

एकानं तोंडातलं पान गिळलं. पंत छताकडे बघू लागले. विनोदिनीबाई आतून चहाचं तबक घेऊन आल्या होत्या. त्यांनी ते खाली ठेवलं.

"सुरू आहेत की," बाई म्हणाल्या. "अर्धा तास झाला मारतायत. आठपर्यंत मारतील. आपणही घ्या एक कप."

डॉक्टर विद्वान होते, पण अगदीच मठ्ठ नव्हते. त्यांनी गादीकडे पाहिलं, लोडाकडे पाहिलं, आठ पोटांकडे पाहिलं. दोनशे कागद त्यांच्या डोळ्यांपुढून एकेक करून गेले असतील, कारण त्यांचा चेहरा निळा राहिला नाही. त्यानंही रंग बदलले. ते पायरीवरच बसले. बेळगावात आल्यापासून पहिल्यांदाच ते कुठं तरी बसले होते.

"आणि ह्यांचा पाय बघा," बाई म्हणाल्या.

"अगं, त्यांना कशाला," पंत म्हणाले.

"मोजा काढा."

पंतांनी मोजा काढला. बैठकीतली दोन माणसं उठून बाहेर गेली. अंगठा काळा होता. डॉक्टरांनी लांबूनच बघितला.

"हे... हे शस्त्रक्रियेचं काम. माझा विषय नव्हे," ते म्हणाले. मग आवाज उतरवून पंतांना म्हणाले, "अहवाल छापायला गेला आहे, मिस्टर हलशीकर. माझी बढती त्यावर आहे. हे आपल्या दोघांतच..."

"म्हणजे प्रमाणपत्र?" पंतांनी विचारलं.

डॉक्टरांनी बगलेतली गुंडाळी त्यांच्या हातात दिली. दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते. इतकी जुळलेली जोडी गल्लीनं लग्नातसुद्धा पाहिली नव्हती. डॉक्टर फोटो न काढता निघून गेले आणि पुढं त्यांना बढती मिळाली म्हणतात. तुपाभाताचा तो लेखी उपचार मात्र त्यांनी परत मागितला नाही आणि खोडलाही नाही. खोडायला कबूल करावं लागतं.

दुसऱ्या दिवशी मष्णूच्या टांग्यातून पंतांना दवाखान्यात नेलं. अंगठा गेला. शेजारच्या बोटाचं सांगता येत नाही, असं सर्जन म्हणाले. हे सर्जन थोडं बोलणारे, हुबळीकडचे, मराठी कानडी वळणाची. चौथ्या दिवशी ते खाटेपाशी आले तेव्हा उशाशी भिंतीला ते प्रमाणपत्र लावलेलं होतं. पंतांनी कंपाउंडरकडून खिळा मारून घेतला होता. शेजारी उपचाराचा कागद.

सर्जननी दोन्ही वाचले. "साडेतीन तास व्यायाम? बावीस वर्ष?"

विनोदिनीबाई डबा घेऊन उभ्या होत्या. बाहेर व्हरांड्यात भरमू वस्ताद आला होता, हातात नारळ, दाराशी कान.

"हे पाहा," सर्जन म्हणाले, "एवढा कष्ट करणाऱ्या माणसाला मी एक औषध देईन. न करणाऱ्याला दुसरं. इन्शुलिनची सुई किती टोचायची, जेवण किती द्यायचं, सगळं त्यावर. चुकलं तर आज बोट आहे, पुढच्या महिन्यात गुडघ्यापासून काढीन. तुम्ही सांगा. मी तेच धरून चालणार."

आता बाई बोलतील असं पंतांना वाटलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. बाईंनी डब्याचं झाकण उघडलं, आत बघितलं, पुन्हा लावलं. त्या बोलायच्या नव्हत्या. बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच पंतांना काहीतरी स्वतः उचलायचं होतं.

पंतांनी वर प्रमाणपत्राकडे पाहिलं. दत्तात्रेय रामचंद्र हलशीकर. वळणदार अक्षर, खाली लाल मोहर. मग पांघरुणाखालचा पाय हलवून पाहिला. अंगठा नव्हता तिथंच ठणकत होतं. व्हरांड्यात वस्ताद खाकरला. पंतांनी बोटानं खूण करून सर्जनना जवळ, अगदी तोंडाजवळ बोलावलं.

"बसत होतो," ते पुटपुटले.

"काय?"

"नुसता बसत होतो. बावीस वर्षं. आणि गूळ खात होतो."

सर्जन सरळ झाले. हसले नाहीत. भिंतीवरचा उपचाराचा कागद त्यांनी काढला, चार तुकडे केले आणि खिशात टाकले. प्रमाणपत्राला हात लावला नाही. त्यानं कुणाची साखर वाढत नाही. बाईंना म्हणाले, "भात बंद. गूळ बंद, गोड सगळं बंद. भाकरी, भाजी, ताक. जखम भरली की सकाळ-संध्याकाळ चालायचं. आधी दवाखान्याच्या फाटकापर्यंत, मग रेल्वे गेटापर्यंत. टांगा नाही."

"चालतील," बाई म्हणाल्या. "मी चालवीन."

सर्जन गेल्यावर भरमू वस्ताद नारळ घेऊन आत आला. प्रमाणपत्राला आधी नमस्कार, मग पंतांना.

"काय म्हणालं पंत, डाक्टर?"

पंतांनी उशी मागं घेतली, पाठ टेकवली आणि सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "म्हणाले, व्यायाम फार झाला. आता बैठका बंद करा, नुसतं चालत जा."

वस्तादाच्या डोळ्यांत पाणी आलं. विनोदिनीबाईंनी डबा उघडून ताटलीत अर्धी भाकरी वाढली, आणि उरलेली दीड खाटेच्या कडेवर बसून, बसूनच, स्वतः खाल्ली.